आईच्या अंगठ्याचा नाग

नऊ फेब्रुवारी. सकाळी भांडी उकळायची होती.

आई जाऊन अकरावा दिवस. त्या दिवशी सुतक फिटतं आणि घरातलं वापरातलं सगळं उकळत्या पाण्यातून काढायची आमच्याकडे रीत आहे. परसात तीन दगडांवर तांब्याचं मोठं भांडं चढवलं, खाली जळणाला नारळाची सोडणं घातली. भाऊ भटजींना आणायला गेला होता. वहिनी अंथरुणं धूत होती. भांडी माझ्याकडे होती.

गेली दोन वर्षं घरात मी आणि आई दोघीच. तिचा उजवा हात अर्धांगाने गेला होता. त्याआधी आमच्या धारगळच्या वाड्यावर नागपंचमीचे नाग तीच करायची. शेताच्या बांधावरची माती आणायची, मळायची, नाग वळायची आणि शेवटी फण्याच्या मधोमध अंगठा दाबायची. तो तिचा शिक्का. गोवा राज्य झालं त्या वर्षी मी सातवीत होते. पावसात भिजत घरोघरी नाग पोचवायला मीच जायचे. संध्याकाळी सगळे पाण्यात सोडले जायचे. एवढ्या वर्षांत तिच्या हातचा एकही नाग घरात उरला नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटलंही नाही.

मला छोट्या वस्तू घडवायचा नाद आहे. मागच्या वर्षी मी कुरिअरने एक प्लास्टिक मागवलं. पांढरे दाणे असतात. साठेक अंशांच्या गरम पाण्यात टाकले की काचेसारखे पारदर्शक होतात आणि कणकेसारखे मळता येतात. थंड झाले की पुन्हा पांढरे आणि टणक. चुकलं तर परत गरम पाण्यात टाकायचं. पहिला प्रयोग म्हणून मी मोरजीच्या किनाऱ्यावर येतात तसलं कासव केलं. ते बटाट्यासारखं झालं.

आई खाटेवरून बघत होती. "काय गो चेडवा, साबुदाणो शिजयतंस?"

"प्लास्टिक आहे. हात लावून बघ."

तिने डाव्या हाताने गोळा घेतला. चटका बसला तरी सोडला नाही. मांडीवर ठेवून दाबला, ओढला, वळवला. दोनदा घट्ट झाला, दोनदा मी पाण्यात बुडवून दिला. तिसऱ्यांदा नाग झाला. मान वाकडी, शेपूट आखूड. फण्याच्या मधोमध तिने अंगठा दाबला. थंड झाल्यावर बघितलं तर त्यात अंगठ्याच्या बारीक रेषासुद्धा उठल्या होत्या.

"ह्यो पाण्यात सोडलो तर विरघळाचो नाय," ती म्हणाली.

"मग राहू दे घरातच."

"नाग कोण घरात ठेवता? चावात!" ती पोटभर हसली. अर्धांगानंतर ती तशी फार वेळा हसली नाही.

पण ठेवला तिने. उशाच्या वाटीत, औषधाच्या चमच्याशेजारी. हायवेवरून ट्रक गेला की तिच्या खोलीच्या खिडकीचं दार आपटायचं, आणि ती वाटीतला नाग चाचपत म्हणायची, "ता जनेल आपटता गो. कायतरी कर." मी म्हणायचे, रविवारी करते.

अकराव्या दिवशी मी तिच्या उशाशी गेले, पेला, ताटली, वाटी एकावर एक ठेवली आणि सगळं एकदम भांड्यात सोडलं. वाटीत बघितलं नाही. कामं बरीच होती. वर लाकडाने ढवळलंसुद्धा.

पाणी ओतून टाकल्यावर वहिनीने हाक मारली. "वन्सं, तळाला मेण कसलं वितळलंय?"

तळाशी पारदर्शक पोळी पसरली होती. आईचा चमचा तिच्यात रुतला होता. आम्ही बघत असतानाच ती कडेकडेने पांढरी व्हायला लागली. हे प्लास्टिक गरम पाण्यात टिकत नाही, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. आईला मीच शिकवलं होतं.

"मेणच," मी म्हटलं. चमचा ओढून काढला, पोळी सोडवली आणि पदराला बांधली. भटजी आले होते.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ-वहिनी पहिल्या बसने गेली. मी पातेल्यात पाणी तापवलं, पोळी मऊ केली आणि नाग वळून बघितला. मान मुद्दाम वाकडी केली. फण्यात डावा अंगठा दाबला. आईचा अंगठा रुंद होता, मातीने पसरलेला. माझा खळगा अरुंद आणि खोल पडला. पुन्हा दाबून बघितलं. मग नाग मोडला, परत पाण्यात टाकला, आणि त्या गोळ्याची पाचर करून आईच्या खिडकीच्या फटीत बसवली. घट्ट होईपर्यंत धरून उभी राहिले. ट्रक गेला. दार आपटलं नाही. खाटेवरची गादी उन्हात टाकली आणि ऑफिसला गेले.