न धुतलेला दगड

माझं अक्षर कोंबडीने पाय ओढल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर त्यांनी सांभाळून घ्यावं. मी चौथी शिकले. पाचवीची शाळा नदीपलीकडे होती आणि होडी फक्त बाजाराच्या दिवशी सुटायची. वही नातीची आहे, गणिताची, अर्धी कोरी राहिलेली. पानांवर चौकटी आहेत म्हणून माझी ओळ निदान सरळ जाते.

लिहिते अशासाठी की बोलणं मला जमत नाही. चार माणसं जमली की माझं तोंड आपोआप मिटतं. मराठीत ही गत, तर जर्मनचं विचारायलाच नको.

मुलाने मला इकडे जर्मनीला आणायचं ठरवलं तेव्हा माझे दात पार गेले होते. भाकरी दुधात कुस्करून खायची मी. सुनेची आई पुण्याला असते. त्या म्हणाल्या, "विहीणबाई, तिकडे दातांना हात लावायचा म्हणजे घर विकावं लागतं. इथेच करून जा." मुलाने तेव्हा नुकतंच इथलं घर घेतलं होतं, त्याचा हात अडकला होता. विहीणबाईंनी आपल्या ठेवीतले साडेचार लाख काढून डॉक्टरला दिले आणि मला म्हणाल्या, "द्या सावकाश." मुलगा पुढे म्हणाला, "आई, मी देऊन टाकतो ना." मी त्याला म्हटलं, "दात माझ्या तोंडात आहेत, तुझ्या नाही." माझ्या आयुष्यात मी कोणाला एवढं ठणकावून बोलले नव्हते. नवे दात बसल्याचा तो परिणाम असावा.

विहीणबाई मनाने मोठ्या, पण जिभेला धार. दर रविवारी फोनवर तोंड दिसलं की पहिला प्रश्न, "काय म्हणतायत आमचे दात?" मी म्हणायची, "चावतायत." सगळे हसायचे, मीही हसायची. पण 'आमचे' हा शब्द सोमवारपर्यंत माझ्याबरोबर राहायचा. तो जायला हवा असेल तर पैसे मीच कमवून द्यायला हवेत, हे मी मनात पक्कं केलं.

आम्ही राहतो ते गाव कोलोनपासून ट्रामने पाऊण तासावर आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या बादशहाचं राज्य इथवर होतं आणि आजही इथे कोणी पाया खणला की त्या लोकांची खापरं निघतात. ती ठेवायला गावाने एक जुनं कोठार दिलंय. तिथे आठवड्यातून तीन सकाळी खापरं धुवायला बाई हवी असल्याचा कागद नातीच्या शाळेत लागला होता. सुनेने तो वाचला आणि माझ्याकडे बघितलं. "आई, यात बोलावं लागत नाही," ती म्हणाली. माझ्या कार्डावर कामाची परवानगी लिहिलेली आहे. मला सहा महिन्यांसाठी घेतलं, पुढचं काम बघून ठरणार होतं.

तिथल्या मुख्य बाईंना सगळे फ्राऊ डॉक्टर म्हणतात, म्हणजे डॉक्टरबाई. त्या औषधं देत नाहीत. जुने दगड वाचून डॉक्टर झाल्यात. उंच, सडपातळ, चष्मा कायम डोक्यावर आणि शोध कायम टेबलावर. त्यांनी मला पहिल्या दिवशी एकच नियम शिकवला: प्रत्येक ढिगाबरोबर तो कुठून निघाला त्याची एक चिठ्ठी असते, ढीग आणि चिठ्ठी यांची ताटातूट करायची नाही. चिठ्ठी हरवली की खापर मुकं होतं. हे मला लगेच कळलं. लग्नघरात भांडी घासायला बसलं की हेच तर सांभाळायचं असतं, कोणाची परात कोणाकडे जायला नको.

काम आवडीचं निघालं. एका बाजूला कोमट पाणी, हातात मऊ ब्रश, समोर खिडकी. धुतलेलं जाळीवर पसरून ठेवायचं. कोणी बोलायला येत नसे, मलाही कोणाशी बोलावं लागत नसे.

एकदा एका वाडग्याच्या बुडाला ओरखडे दिसले. मी फ्राऊ डॉक्टरांना दाखवले. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, हे नाव आहे, ज्याचं भांडं त्याचं. शिपायांच्या छावणीत सगळ्यांचे वाडगे सारखे, म्हणून खिळ्याने नाव कोरायचे. मी दुसऱ्या दिवशी माझा डबा आणला आणि उलटा करून त्यांच्यापुढे ठेवला. त्याच्या बुडाला माझ्या सासऱ्यांचं नाव आहे, गाव आहे आणि थोरल्या दिराच्या लग्नाची तारीख. भांड्यांच्या दुकानातल्या माणसाने टकटक करत कोरलेली. फ्राऊ डॉक्टरांनी चष्मा खाली ओढला, भिंग आणलं आणि माझा भाजीचा डबा पाच मिनिटं तपासला. "गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. तेव्हापासून त्या मला काहीबाही सांगू लागल्या. हळू, लहान लहान वाक्यांत, जसं नातीला सांगावं तसं.

त्यांनी सांगितलं की आमच्या या गावाबद्दल त्या काळच्या पुस्तकांत फक्त एक ओळ सापडते. रस्त्यांची एक यादी आहे, अमक्या ठिकाणाहून तमकं ठिकाण इतक्या कोसांवर, त्यात याचं नाव येतं. तेही नकलून घेणाऱ्यांनी तीन तऱ्हांनी लिहिलंय, त्यामुळे खरं कोणतं यावर विद्वान लोक अजून भांडतात. मला बरं वाटलं. शुद्धलेखनाची अडचण पुरातन आहे. बाकी सगळं गाव दगडांवरून आणि विटांवरून जुळवायचं. विटेवर पलटणीचा शिक्का असतो. थडग्यावर माणसाचं वय आणि धंदा. आणि एक प्रकार सगळ्यांत जास्त, चौकोनी दगड, वर तीन बायका ओळीने बसलेल्या, मांडीवर फळांच्या टोपल्या. त्या इथल्या देवी. दगडाच्या तळाशी बहुतेक वेळा तीच चार अक्षरं.

"याचा अर्थ," फ्राऊ डॉक्टर म्हणाल्या, "मी मागितलं, मला मिळालं, आता आनंदाने देतो आहे." त्यांना वाटलं मला कळलं नाही, म्हणून त्या पुन्हा समजावू लागल्या. कळायला काय झालं? नवस फेडलेला दगड. आमच्याकडे घंटा बांधतात, यांनी दगड बसवला.

पाचव्या महिन्यात ते प्रकरण झालं. पार्किंगसाठी खणलेल्या खड्ड्यातून सात क्रेट आले होते. फ्राऊ डॉक्टरांना ड्युसेलडॉर्फला तीन दिवसांच्या बैठकीला जायचं होतं. गडबडीत त्यांनी माझ्यासाठी यादी लिहिली: क्रेट एक ते सात, सगळं धुवायचं, गुरुवारपर्यंत. खाली रेघ मारली होती.

पाचव्या क्रेटमध्ये दगडाचा एक मोठा तुकडा होता. वरच्या अंगाला एका बसलेल्या बाईचे गुडघे, फळांची टोपली आणि खाली अक्षरांच्या ओळी. कोरडा चिखल बोटाने सुटत होता. तो थोडा पडला आणि अक्षराच्या खाचेत मला लाल दिसलं. विटकरी नव्हे, गेरूही नव्हे. सणाच्या दुसऱ्या दिवशी देवीच्या पायावर उरतं तसं लाल.

मी ब्रश पाण्यातून काढून बाजूला ठेवला.

ह्यांच्या मागे मी स्वतः काही लावत नाही, तो भाग वेगळा. पण दुसरीचं कुंकू आपल्या हाताने पुसायचं नाही, देवीचं तर नाहीच, हे मला कोणी शिकवलं ते आठवत नाही. ते आपलं हाताला माहीत असतं. मी बाकीचं सगळं धुतलं, सातवा क्रेटसुद्धा, आणि तो तुकडा कोरड्या टॉवेलात गुंडाळून फडताळाच्या खालच्या कप्प्यात ठेवला. चिठ्ठी त्याच्यासोबतच ठेवली.

घरी येऊन सुनेला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "आई, अहो ते दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे. तिथे कुठलं कुंकू?"

"मग काय आहे ते?"

"काहीही असेल, गंज असेल. त्यांनी धुवा म्हणून लिहून दिलंय. इथे लिहून दिलेलं नाही केलं की अवघड होतं. पुढच्या महिन्यात तुमचं ठरणार आहे ना?"

तेच तर. विहीणबाईंच्या पैशांचा जेमतेम तिसरा हिस्सा फिटला होता. नात दप्तरातून डोकं वर काढून म्हणाली, "आजी, वाशेन, आइनफाख." धुऊन टाक सरळ, असं. तिच्या दृष्टीने जगातली सगळी कामं सरळ असतात.

बुधवारी मी दोनदा तो दगड बाहेर काढला. दोनदा ब्रश बुडवला. दोनदा पुन्हा गुंडाळून ठेवला.

गुरुवारी फ्राऊ डॉक्टर आल्या, जाळीवरचे तुकडे यादीशी ताडून पाहू लागल्या. पाचव्या क्रेटपाशी थांबल्या. "इथे एक कमी आहे," त्या म्हणाल्या. "मोठा तुकडा. कुठे आहे?"

मी खाली वाकले, टॉवेल काढला, टेबलावर उलगडला. माझ्याजवळ होतं तेवढं जर्मन जमवून म्हटलं, "मी धुतला नाही. इथे लाल. बाईचं लाल मी पुसत नाही. माफ करा."

त्यांनी चष्मा खाली ओढला. मग दिवा ओढला. मग भिंग. नळ ठिबकत होता. तो बंद करावा की नाही हेही मला ठरवता येईना.

"पाणी लावलं का याला?"

"नाही."

"अजिबात?"

"नाही."

त्या उलट्या घातलेल्या रिकाम्या क्रेटवर मटकन बसल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या हसत होत्या, घाम पुसत होत्या. मग सांगितलं ते असं. त्या काळी कोरलेली अक्षरं लांबून वाचता यावीत म्हणून लाल रंगाने भरायचे. तो रंग मातीत बहुतेक निघून जातो, आणि उरलाच तर ब्रश-पाण्याने जातो. या तुकड्यावर एका ओळीत दगड इतका झिजला होता की खाच उरलीच नव्हती, नुसता रंग उरला होता. त्या रंगात तीन अक्षरं वाचता येत होती. "आमच्या गावाच्या नावाची," त्या म्हणाल्या. "दगडावरची. नकलून घेतलेली नव्हेत."

"म्हणजे कुंकू नाही?" मी विचारलं.

कुंकू काय ते त्यांना समजावून सांगायला माझी अर्धी सकाळ गेली. त्यांनी मध्येच विचारलं, "म्हणजे तुम्हाला रंगाबद्दल माहीत नव्हतं?" मी खरं ते सांगितलं, नव्हतं. मला वाटलं कोणा बाईने लावलंय. त्या म्हणाल्या, "आल्झो," म्हणजे असं तर, "यादी माझी चुकली होती. 'सगळं' असं मी लिहायलाच नको होतं." मोठ्या माणसाने अशी चूक कबूल केलेली मी फार वेळा ऐकलेली नाही.

पुढच्या सोमवारी कोठाराच्या भिंतीवर नवा कागद लागला. मी फोनवर त्याचा फोटो घरी नेला आणि नातीने तो मला वाचून दाखवला: दगड आधी कोरडा बघायचा, खाली माझं नाव, मला विचारल्याशिवाय पाणी नाही. आता कोलोनहून शिकायला येणाऱ्या पोरीही आपापले तुकडे माझ्यापुढे धरतात. मी निरखून बघते आणि मान हलवते. अजून दुसरा लाल निघालेला नाही, पण मान हलवायला मला आवडतं. काम सव्वा वर्षाने वाढलं.

विहीणबाईंना ही गोष्ट सुनेने रंगवून सांगितली. त्या म्हणाल्या, "आमच्या विहीणबाईंनी जर्मनांना हळदीकुंकू शिकवलं." मग नेहमीपेक्षा हळू, "मला नसतं सुचलं हो. मी घासून लख्ख केला असता."

दर महिन्याच्या पाच तारखेला सून माझ्या खात्यातून पैसे पाठवायची आणि मी शेजारी बसून आकडा बघायची. परवाच्या पाच तारखेला तिने बोट दाबलं आणि फोन माझ्या हातात दिला. थोड्या वेळाने विहीणबाईंचाच फोन आला.

"पोचले," त्या म्हणाल्या. "बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं. साडेचार लाख पुरे झाले. मी डायरीत तुमच्या नावावर रेघ मारली."

"रुपया-आणा राहिला नाही ना?"

"नाही. एकही नाही."