मिस्त्री मामांचा अंदाज

मंडळी, आज लई जिव्हारी लागलंय.

माझ्या रेसच्या गाडीचं इंजिन शिरूरच्या मिस्त्री मामांनी नव्यानं बांधलं. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो.

सकाळी वरवंडच्या माळावर पहिल्याच फेरीत इंजिन खाडखाड वाजून बंद पडलं. इंजिनाचं वरचं झाकण, म्हंजे हेड, उघडलं, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकलेले.

दोघांमधली जागा बघायला पिस्टनवर पोरांची खेळायची माती ठेवतात, इंजिन हातानं फिरवतात आन् दबलेली माती मोजतात. माती मीच आणून दिली होती. "मोजलं, जागा भरपूर हाय," म्हणाले होते मामा.

दुपारी त्यांच्या गॅरेजात गेलो. मातीचं पाकीट फोडलेलंच नव्हतं!

"आरं, माझा अंदाज कवा चुकलाय?"

मोजल्याशिवाय हेड बसवायचं न्हाई, हे मला यांनीच शिकवलेलं. व्हॉल्व्ह नवे मिळतील. पण सांगा, ज्यांनी मोजायला शिकवलं, त्यांचंच काम आता मागनं मोजत बसायचं का?