शेअर फोल्डरची खंडेनवमी

मी जालन्यात ऑफिसांचे कॉम्प्युटर अन् नेटवर्क दुरुस्त करत फिरतो. बॅगेत स्क्रूड्रायव्हर एकच, पण किस्से मावता मावत न्हाईत. त्यातले निम्मे तर एकाच बियाण्याच्या कंपनीतले. तिथं आधी चहा येतो, मंग तक्रार सांगतात. मला हे ऑफिस लई आवडतं.

\*

तिथं सगळ्यांच्या फायली एका मोठ्या मशीनवर, शेअर फोल्डरमध्ये. एकानं उघडलेली फाइल दुसऱ्याला बदलता येत न्हाई, हे मी अकाउंटच्या काळे काकांना समजावलं. काका कुंभार पिंपळगावचे. म्हणाले, "बराबर. न्हाणीसारखंच की."

तेव्हापासून फाइल अडकली की काका व्हरांड्यात उभं राहून वरडतात, "आत कोण हाय? जल्दी बाहेर या!" एकदा बाहेरगावचा एक डीलर खरंच बाथरूममधून ओल्या हातानं पळत आल्ता.

\*

एकदा दिवसभर एक फाइल सुटंना. शोधलं तर डिस्पॅचचा गजानन फाइल उघडी ठेवून, केबिनला कुलूप लावून जांब समर्थला दर्शनाला गेल्ता. फोन केला तर म्हणे रांगेत उभा हाय, इथून कशी बंद करू? काकांनी फोन घेतला अन् सांगितलं, आमच्यासाठीबी हात जोड.

\*

काकांचा शेअर फोल्डरवर काडीचा भरोसा न्हाई. रोज संध्याकाळी अख्खा फोल्डर आपल्या डेस्कटॉपवर कॉपी करायचे. मशीन पार जाम. पुण्याहून आलेले नवे साहेब भडकले. बॅकअपला वेगळी डिस्क लावलीय, हे सगळं डिलीट करा म्हणाले. काका "बिलकुल साहेब" म्हणाले अन् जागेवर बसले.

\*

मंग आली खंडेनवमी. त्या मोठ्या मशीनची तिथं दरवर्षी पूजा असती. काकांचा नियम कडक, चप्पल काढल्याशिवाय पुढं यायचं न्हाई. साहेबांनी चप्पल तर काढली न्हाईच, वरून हौसेनं म्हणाले, हत्यारांना आज विश्रांती, अन् मशीनचं बटण थेट बंद केलं.

नेमक्या त्याच वेळी लॅबच्या वैशाली मॅडम आपल्या टेबलावर फाइल सेव्ह करून राह्यल्या होत्या. मिरचीच्या नव्या वाणाच्या उगवणीच्या नोंदी, कित्येक हंगामांची मेहनत. दसरा झाल्यावर वाण पास करायला कमिटी बसणार होती. नोंदी न्हाईत तर वाण बाद!

मशीन चालू केलं तर फोल्डर उघडंना. मला बोलावलं. दुरुस्तीचं टूल चालवलं, फायली निघाल्या, पण आतून कोऱ्या. म्हटलं, काळजी नको, बॅकअप हाय. डिस्क बघायला गेलो तर तिचा प्लग काढलेला, अन् त्या जागी देवीच्या फोटोची लाइटिंगची माळ. घटस्थापनेपासून लुकलुकून राह्यली होती, अन् नव्या डिस्कवर पहिला बॅकअप व्हायच्या आधीच प्लग निघाला होता.

वैशाली मॅडम खुर्चीत बसल्या अन् रडायलाच लागल्या. साहेबांचं तोंड उतरलं. मलाबी लई वाईट वाटलं. माझ्या हातात आता काहीच उरलं नव्हतं.

काका हळूच म्हणाले, "जरा माझ्या मशीनवर या."

डेस्कटॉपवर एक फोल्डर होता. नाव, 'डिलीट केलेलं'. आत सगळं होतं, कालच्या संध्याकाळपर्यंतचं. मॅडमच्या सगळ्या नोंदी जशाच्या तशा. त्यांनी डोळे पुसले अन् काकांच्या पायाच पडल्या. काका लाजून मला म्हणाले, आधी साहेबांचा चहा सांग.

पुढं कमिटीत वाण पास झाला.

\*

औंदा खंडेनवमीला मी मुद्दाम गेल्तो. मोठं मशीन दिवसभर चालूच होतं, त्याला नुसतं कुंकू. झेंडूचा हार, नारळ, उदबत्ती, सगळं काकांच्या टेबलावर. हार वैशाली मॅडमनी घातला. मंग साहेब आले, काकांच्या जुन्या मॉनिटरपुढं उभे राहिले अन् हात जोडले.

काकांनी चष्म्यावरून खाली बघितलं.

"साहेब, चप्पल."