फैलकाच्या खापरावरची शाई

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. मुलीच्या जुन्या वहीत लिहिते आहे, कारण तिला मराठी वाचता येत नाही. तुम्हाला येतं — म्हणून तुम्हाला सांगते.

मागच्या महिन्यात सरांच्या आठवणीचा कार्यक्रम झाला. सर म्हणजे दर हिवाळ्यात परदेशातून इथे आखातातल्या फैलका बेटावर खोदकामाला येणारे म्हातारे प्रोफेसर. रोमच्या बादशाहीची शेवटची शतकं आणि त्या काळची आजूबाजूच्या मुलखातली माणसं — आयुष्यभर त्यांनी तेच शोधलं. बेटावर त्या काळातलं ख्रिस्ती लोकांचं एक गाव वाळूखाली आहे. सर आता वारले. मला खैतानहून, मी राहते तिथून, गाडीने नेलं, दुसऱ्या रांगेत बसवलं. भिंतीवर सरांचे फोटो, काचेत खापरं. एका बाईंनी माझ्या हातात फुलं दिली आणि माइकवर म्हणाल्या, "इन हाथों ने हज़ारों टुकड़े धोए हैं।" टाळ्या वाजल्या. मी हातांकडे पाहिलं. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं ना?

माझं काम खापरं धुण्याचं. ते लावून दिलं हमीदा आपांनी — श्रीवर्धनकडच्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. आम्ही दोघीच धुवायला. दोन टब, जुने टूथब्रश, जाळीचे ट्रे. पहिल्याच दिवशी आपा म्हणाल्या, "अगो, पातेलं घासतेस काय? पोराला न्हाऊ घालतेस असं समज. मोठं पोर आहे, दीड हजार वर्षांचं!" आणि एक नियम शिकवला — खापरावर काळी रेघ दिसली की ब्रश खाली ठेवायचा आणि सरांना हाक मारायची. ती शाई असू शकते.

हा नियम मला माहीत होता. हे आधीच लिहून ठेवते.

त्या दुपारी आपा नमाजला गेल्या होत्या. माझ्या हातात तळव्याएवढं खापर होतं. माती सुटली आणि खाली ओळी दिसल्या — अक्षरं. मी चौथी शिकलेली. पण कुठलीही असली तरी अक्षरं ती अक्षरं, कळतातच. हाक मारायला हवी होती. हाक मारली की सगळे माझ्याकडे बघणार, याची लाज वाटली. पण तेवढंच नव्हतं — मला ती आधी स्वतः बघायची होती. नीट, एकटीला. म्हणून थोडं पाणी घातलं. ब्रश फिरवला. पाणी राखाडी झालं आणि खापर कोरं झालं.

मी ते ट्रेमध्ये पालथं ठेवलं.

दोन आठवड्यांनी त्याच खापराचा दुसरा अर्धा तुकडा सापडला. त्यावर लिहिलेलं होतं. पत्र आहे, सर म्हणाले, कुणीतरी कुणाची तरी ख्यालीखुशाली विचारली आहे. नावं पहिल्या अर्ध्यावर असणार. त्यांनी दोन्ही तुकडे जोडून धरले. रागावले नाहीत. कोऱ्या अर्ध्यावरून बोट फिरवत राहिले.

खोदकामाच्या मॅनेजरने ट्रेवरची तारखेची चिठ्ठी बघितली आणि मला बाजूला घेतलं. "किसने धोया?"

"आपा ने," मी म्हणाले.

विचारसुद्धा करावा लागला नाही — हे मला अजून कळत नाही. तोंडात तयारच होतं का ते? आपांना बोलावलं तेव्हा मी तिथेच उभी होते. त्या म्हणाल्या, माझ्या हातात असं खापर आलंच नाही. मग माझ्याकडे वळल्या, "तू सांग ना गो." मी टबातलं पाणी बदलायला निघून गेले.

हिवाळा संपला. आपांना पुढे ठेवलं नाही, व्हिसा संपला, त्या गावी गेल्या. माझं काम राहिलं. दहा हिवाळे राहिलं.

इथेच थांबता आलं असतं तर बरं होतं. पण खरं सांगायचं ते पुढेच आहे.

कार्यक्रमाहून घरी आले तेव्हा आपांचा फोन आला. सर गेल्याचं त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. त्या रडत होत्या. म्हणाल्या, "सरांची माफी मागायची राहून गेली गो. तेव्हाच माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू धरला होता, मला काय कळणार? इतकी वर्षं विचार करते. माझ्याच हातून पुसलं गेलं असेल. तू तर शेजारी असायचीस — तुला काय वाटतं?"

आता मला कसली भीती होती? सर नव्हते. काम कधीच सुटलं होतं. कुणीही माझं काही घेऊ शकत नव्हतं. फुलं अजून मांडीवर होती.

मी म्हणाले, "असेल, आपा. नजर कमी असली की होतं असं."

मग त्या हळूच म्हणाल्या, "अल्ला मला माफ करो."

मी आमीन म्हणाले.