पितराच्या घागरीतलं पन्हं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे मेलेल्या माणसाला जेवायला बोलावतात. तो काही येत नाही. म्हणून भावकीतला एक जिवंत माणूस त्याच्या नावाने पाटावर बसवायचा, त्याला गंध लावायचं आणि तो मागेल ते वाढायचं. तो उठेपर्यंत नाही म्हणायचं नाही, अशी रीत आहे. माझ्या नवऱ्याच्या नावाने माझे चुलत दीर बसतात. हे भाऊजी आणि माझा नवरा सोबतच प्यायचे. नवरा दारूनेच गेला. त्याला जाळून आल्यावर भाऊजींनी तुळशीची माळ घातली आणि तेव्हापासून थेंब तोंडात घेतला नाही. त्यांची बायको देवापेक्षा त्या माळेला जास्त मानते. माळ गळ्यात आहे तोवर माझ्या घरातली भांडी जाग्यावर आहेत, असं ती म्हणते आणि ते खरं आहे.

यंदा आखाजीला मुलगी आणि पुण्याचे जावई आले होते. जावई माणूस चांगला, पण हात स्वस्थ बसत नाहीत. कैऱ्यांची टोपली पाहिली आणि म्हणाले, आई, संध्याकाळी सगळे बसतील तेव्हा मी उन्हाळ्याचं हलकंसं कॉकटेल करतो. त्यात काय असतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, तुमचं पन्हंच, फक्त पुदिना, काळं मीठ, लिंबू आणि नावापुरती जिन. जिन म्हणजे काय ते मुलीने सांगितलं. मी तिला म्हटलं, नवरा तुझा आहे, तू पाहा. पण ते मागच्या खोलीत राहू दे आणि पितर जेवून गेल्याशिवाय बाहेर काढू नका.

जावई सकाळपासून सुरू झाले. मी कैऱ्या राखेत भाजते. त्यांना उकडलेल्या पाहिजेत, धुराचा वास नको. थोड्या वेळाने त्यांनाच धुराचा वास पाहिजे झाला. मग अनसिंग गावच्या बर्फगोळेवाल्याकडून पोत्यात गुंडाळून बर्फ आणला. हे पेय हलवायला खास भांडं लागतं म्हणे, ते पुण्याला राहिलं. त्यांनी माझी दुधाची कॅन घेतली आणि खांद्याशी धरून लहान लेकरू झुलवावं तशी हलवत बसले. शेजारीण कुंपणावरून पाहत होती. तिने विचारलं, लोणी आलं का.

पेय तयार झालं आणि वीज गेली. फ्रिज बंद. आता थंड ठेवायचं कशात? मागच्या खोलीत एक कोरी घागर होती, पाण्याने भिजवलेली, गळ्याला पांढरं सूत गुंडाळलेलं. ती मी पितरासाठी ठेवली होती. जावयांना वाटलं, सूत शोभेचं आहे. त्यांनी सगळं तिच्यात ओतलं.

माझं पन्हं स्वयंपाकघरात मोठ्या गंजात झाकून ठेवलेलं होतं. ते घागरीत भर, असं मी नणंदेला सांगितलं होतं. ती गेली तर घागर भरलेली, आणि पन्ह्यानेच. आपलं काम कोणी तरी केलं म्हणून ती खूश झाली. वर खरबूज ठेवलं आणि घागर पाटाजवळ आणून मांडली.

भाऊजींनी पहिला पेला घेतला आणि थांबले. पेल्यात पाहिलं. मग उरलेलं एका दमात प्याले. दुसरा मागितला, मी दिला. तिसरा मागितला, तोही दिला. पुरणपोळीला हात लावला नव्हता. मला वाटलं, ऊन फार आहे.

त्यानंतर ते बोलायला लागले, आणि माझ्या नवऱ्यासारखे बोलायला लागले. विहिरीवरची मोटर कोणी बदलली, बांधावरचा निंब कोणाला विचारून तोडला, कढीत मीठ कमी का आहे. सगळे हात जोडून बसले. नणंदेच्या डोळ्यांना पाणी आलं. तिने विचारलं, "दादा, बरं हाय का तिकडं?"

"बरं हाय," भाऊजी म्हणाले. "पण उकडते लय."

नणंद पदराने त्यांना वारा घालू लागली. तेवढ्यात जावई मागच्या खोलीतून आले आणि माझी घागर कोणी पाहिली का, असं विचारलं. मग त्यांना ती दिसली. मग भाऊजी दिसले. पुढचं त्यांच्या तोंडावर वाचता आलं. जिन किती होती, असं मी विचारलं. ते म्हणाले, नावापुरतीच टाकणार होतो, पण चव लागेना म्हणून बाटली संपवली.

भाऊजींची बायको भिंतीला धरून उभी राहिली. ती नवऱ्याच्या गळ्यातल्या माळेकडे पाहत होती.

भाऊजींनी सगळ्यांकडे एक नजर फिरवली. "मी कुठी पेलो?" ते म्हणाले. "मी तं पाटावर बसेल हावो. या पाटावर जे पोटात जाते ते पितराले जाते. पेला तो."

रीत तशीच आहे. जेवण पितराला पोचतं, तर पन्हंही पोचणारच. नणंदेने मान हलवली, जावयांनी तर फारच जोरात हलवली. माळ वाचली म्हणून सगळे मोकळे झाले, आणि भाऊजींनी पेला पुढे केला.

"वहिनी, तो अजून मांगून राह्यला."

त्यांचा हात कापत होता. मी तो हात ओळखते. माझ्या घरात दुसरा तसाच होता. त्यांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी घागर उचलली, अंगणात नेली आणि मोरीत उपडी केली. जावयांचा बर्फ वाहून गेला.

मग परत येऊन मी म्हटलं, "जिता होता तवा मांगून मांगून मेला. आता मेल्यावर तरी त्याले कोणी देऊ नोका. भाऊजी, पोळी खा."

भाऊजींनी पेला खाली ठेवला आणि पोळी मोडली. बायको त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि तूप वाढू लागली.

नणंद मात्र घाबरली. मला बाजूला घेऊन म्हणाली, पितराले नाही म्हटलं वहिनी, आता दादा रागावून घरात येईल.

मी म्हटलं, "येऊ दे. मी घरीच हावो."