फोटोवरून पार्ट जुळत न्हाई

अर्धापूरजवळ रानडुक्कर आडवं आलं आणि माझ्या इलेक्ट्रिक गाडीच्या बंपरमागची लोखंडी पट्टी वाकली. नांदेडच्या जुन्या पार्टच्या बाजारात मी तशीच पट्टी शोधली आणि गाडीचं इलेक्ट्रिक मॉडेल सांगत मोबाईलमधला वाकलेल्या पट्टीचा फोटो ऐटीत दुकानदारापुढे धरला.

दुकानदार साठीचा असावा. चष्मा कपाळावर, खिशात मापाची टेप. फोटोकडे न बघता तो पट्टीवरून बोटं फिरवत राहिला.

"ही पेट्रोलवाल्या गाडीची हाय. तुमची बॅटरीची."

"मॉडेल एकच आहे. दिसतेही सारखीच."

"सायब, फोटोवरून सोयरीक जुळते, पार्ट न्हाई. चॅसी नंबर आणला का? बोल्टच्या भोकांचं माप?"

दोन्ही नव्हतं. "नाही बसली तर नवी भोकं पाडून घेईन," मी म्हणालो.

त्याने पट्टी माझ्या हातातून काढूनच घेतली.

"टक्कर झाली की हीच मार खाते, म्हणून लेकरं वाचतेत. हिलाच भोकं पाडता? न्हाई विकत, जा."

मी निघालो, तसं त्याने विचारलं, "करता काय तुम्ही?"

"लातूरला कॉलेजात शिकवतो."

"काय शिकवता?"

मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवतो.

"इतिहास," मी म्हणालो.