दुबारबाईंचं पहिलं शुद्धिपत्रक

कॉलेजच्या ऑफिसात एकतीस वर्षं याद्या टाइप करणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे दुबारबाई म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. प्रवेशाची यादी असो की परीक्षेची, एकच नाव दोनदा आलं की आधी त्यांच्या डाव्या भुवईला कळायचं, मग डोळ्यांना. लाल पेनाने 'दुबार' लिहायचं, वरचं ठेवायचं, खालचं उडवायचं. त्यांच्या एकाही यादीला आजवर शुद्धिपत्रक लागलं नव्हतं. शेजारच्या हेडक्लार्कची सतरा निघाली होती, आणि ती बाईंना तारखांसकट पाठ होती. निवृत्तीला सात महिने उरले होते. निरोपाच्या भाषणात ही गोष्ट यावी, म्हणून त्यांनी ती आतापासूनच दोघातिघांच्या कानावर घालून ठेवली होती.

भाची त्यांच्याकडे राहून त्याच कॉलेजात शिकायची. घरी मावशी, ऑफिसच्या खिडकीशी मॅडम, असा करार होता. या भाचीने आठ-दहा टाळकी जमवून एक गट काढला होता. जगात कुठे कुठे वस्त्याच्या वस्त्या ठरवून मारल्या गेल्या, त्याची पत्रकं ते वाटत. बाकीची मुलं ती डुगडुगत्या बाकांच्या पायांखाली घालत. मग भाचीला घड्याळजी सापडले.

समोरच्या गल्लीतले हे म्हातारे गृहस्थ कॉलेजची सगळी घड्याळं लावायचे. बावीस वर्षांपूर्वी दूरच्या मुलखातून आले, एवढंच लोकांना माहीत. भाची त्यांच्या दुकानात घड्याळाचा पट्टा बदलायला गेली, स्टुलावर टेकली आणि दोन तासांनी उठली. त्यांचं सगळं गाव एका सकाळी मारलं गेलं होतं. हे स्प्रिंग आणायला शहरात गेले होते, म्हणून उरले. सगळ्यांची नावं त्यांनी एका वहीत लिहून ठेवली होती. तीनशे अठरा.

ती नावं पटांगणात मोठ्याने वाचायची, असं गटाने ठरवलं. प्राचार्यांनी परवानगी दिली, कारण नाकारायला नियम सापडला नाही. अटी मात्र सापडल्या. घोषणा नकोत, मतं नकोत, नुसती नावं. अकरा ते साडेअकरा. आणि यादी ऑफिसने टाइप केलेली, शिक्क्याची.

आदल्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता बाई म्हणाल्या, "काय गचाळ यादी होती गं तुमची. अकारविल्हे लावल्यावर कळलं. एक्केचाळीस दुबार काढले."

भाचीचा हात थांबला. "काढले म्हणजे?"

"काढले म्हणजे काढले. दोनशे सत्त्याहत्तर राहिले. एक नाव तर तीनदा होतं. लिहिणाऱ्याचं लक्ष कुठे होतं कुणास ठाऊक."

"मावशी, वयाचा रकाना बघितलास?"

"वयं टाइप करायची नव्हती. मग कशाला बघू?"

भाची आतून वही घेऊन आली. घराघराने लिहिली होती. स्वतःचं घर घड्याळजींनी अगदी शेवटी लिहिलं होतं. त्यात एकच नाव तीनदा होतं. पुढे वयं होती. चौऱ्याहत्तर. नऊ. दोन.

"त्यांच्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात," भाची म्हणाली. "दोघा भावांनी ठेवलं. दोन वर्षांचा तो घड्याळजींचा."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वय तेच राहिलं.

"मी वरचं ठेवलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे आजोबा."

"उद्या ते मुलाचं नाव ऐकायला येणारेत. काय सांगू त्यांना, ऑफिसने काढला?"

"शिक्का बसलाय. आता बदल म्हणजे शुद्धिपत्रक."

"मग?"

"मग काही नाही. भाजी निवड."

सकाळी आठला, शिपायाच्याही आधी, बाई ऑफिसात हजर होत्या. यादी त्यांनी वहीतल्यासारखी टाइप केली, घराघराने. दहाला ती आणि शुद्धिपत्रकाचा कागद प्राचार्यांपुढे ठेवला.

"मूळ प्रत सदोष होती, असं घालू या," प्राचार्य म्हणाले.

"मूळ प्रत बरोबर होती, सर. टाइप करणाऱ्याची चूक."

"म्हणजे कुणाची?"

"ऑफिसात दुसरं कोण टाइप करतं?"

"अहो बाई, सात महिने राहिलेत तुमचे."

"हो, सर. सही इथे."

सही झाली. "पण साडेअकराला घंटा म्हणजे घंटा," प्राचार्यांनी बजावलं. एका नावाला सहा सेकंद धरले, तर तीनशे अठरा नावं अर्ध्या तासात बसत नाहीत, हे बाईंनी गणित करून ठेवलं होतं. सरांनी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

फलकावर कागद लागला: 'यादीतून दुबार म्हणून एक्केचाळीस माणसं वगळली गेली. ती दुबार नाहीत. एकूण ३१८ वाचावे.' हेडक्लार्कनी तो दोनदा वाचला आणि बाईंना न मागता चहा पाठवला.

अकराला मुलांनी पाळीपाळीने वाचायला सुरुवात केली. घड्याळजी व्हरांड्यातल्या बाकावर, घंटेशेजारी बसले. शेजारी बाई, मांडीवर यादी घेऊन, एकेका नावापुढे टिक करत. सुरुवातीला तीसेक मुलं होती. मग कँटीन रिकामं झालं. मतं कुणीच मांडली नाहीत.

शेवटची दोन घरं उरली आणि शिपायाने घंटेचा हातोडा उचलला.

"थांबा," बाई म्हणाल्या.

"साडेअकरा झाले, बाई."

"तुमचं घड्याळ पुढे आहे."

"पुढे कसं? कालच तर यांनी लावलं." शिपायाने हातोड्यानेच घड्याळजींकडे दाखवलं.

घड्याळजींनी मान वर करून घड्याळ पाहिलं. वेळेच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोलल्याचं गल्लीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"दोन मिनिटं पुढे आहे," ते म्हणाले. "माझी चूक."

शिपायाने हातोडा खाली ठेवला. शेवटचं घर भाचीने वाचायला घेतलं. ते नाव आलं. चार नावांनंतर परत आलं. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "दुबार."

"नाही," बाई म्हणाल्या. मान न वळवता, आवाज न चढवता.

मग ते तिसऱ्यांदा आलं. घड्याळजींनी मान हलवली, हजेरीला हलवावी तशी. बाईंनी नावापुढे टिक केली. घंटा झाली.

पटांगण रिकामं झाल्यावर घड्याळजी बाकावर चढले आणि काटा दोन मिनिटं मागे घेतला. तेव्हापासून कॉलेज दोन मिनिटं उशिरा सुटतं. त्याचं शुद्धिपत्रक अजून कुणी काढलेलं नाही.